साताऱ्याच्या दारातून परतलेला मुलगा

महर्षी धोंडो केशव कर्वे हे नाव आपण सगळेच शाळेपासून ऐकत आलो. विधवांचा आश्रम, हिंगणे, महिला विद्यापीठ, भारतरत्न. पाठ्यपुस्तकातल्या धड्यात एवढं असतंच. पण कर्वे मुळात गणिताचे मास्तर होते, आणि आयुष्यातल्या पहिल्या मोठ्या परीक्षेला त्यांना बसूच दिलं नव्हतं, हे मात्र आपल्या फारसं लक्षात राहत नाही. या लेखात मी त्यांचं चरित्र त्याच बाजूने सांगणार आहे. समाजसुधारक कर्व्यांच्या आधी परीक्षार्थी कर्वे.

याला कारण आहे. माझं आजोळ ठाणाकुशनूर, म्हणजे कर्नाटकातल्या बीदर जिल्ह्याचं गाव. घरात मराठी, दुकानाच्या पाटीवर कन्नड, म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात निजामाच्या काळातली उर्दू, आणि मुलांच्या दप्तरात आता इंग्रजीसुद्धा. सुट्टीत तिथे गेले की शेजारपाजारची चौथी-पाचवीची पोरं वह्या घेऊन ओसरीवर येऊन बसतात. त्यांना नवोदयच्या प्रवेशपरीक्षेची तयारी करायची असते. कोणी मला ताई म्हणतं, कोणी अक्का. भाषा आणि गणित हे दोन विषय त्यांना जड जातात. त्यांना शिकवताना मला कर्वे जेवढे उपयोगी पडले, तेवढं कुठलंही गाइड पडलं नाही.

कर्व्यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ चा, आजोळी, खेड तालुक्यातल्या शेरवलीचा. बालपण गेलं दापोलीजवळच्या मुरुडला, समुद्राकाठी. वडील केशवपंत, आई लक्ष्मीबाई. मिळकत बेताची. मुलगा अंगाने किरकोळ आणि स्वभावाने इतका लाजाळू की चार माणसांत तोंड उघडायची चोरी. त्या काळातल्या मराठी शाळेत गणित म्हणजे आधी पाठांतर. साधे पाढे तर होतेच, पण पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी असे अपूर्णांकांचेही पाढे होते. आज आपण पाव, पाऊण, सव्वा हे शब्द बाजारात वापरतो, पण साडेतीनचा पाढा म्हणून दाखवा म्हटलं तर गप्प बसतो. त्या पिढीच्या तोंडात मात्र भाषा आणि गणित एकत्रच बसलेले असायचे.

मुरुडच्या शाळेत सोमण गुरुजी होते. गावाने जगाची खबर ठेवावी असं त्यांना वाटे. गावकऱ्यांना देवळात वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवायचं काम त्यांनी या लाजाळू मुलावर सोपवलं. मला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो. अनोळखी विषय, अनोळखी शब्द, समोर ऐकणारी मोठी माणसं. कुठे थांबायचं, कुठे जोर द्यायचा हे चुकलं की ऐकणाऱ्याला अर्थच लागणार नाही. उताऱ्यावरच्या प्रश्नांची तयारी याहून चांगली कशी करणार? मुलाला वाटलं असेल आपण गावाचं काम करतोय, पण तयार होत होती त्याचीच भाषा.

त्या वेळी मराठी सहावी पास झालं की पब्लिक सर्व्हिस परीक्षा देता यायची. ती पास झालेल्याला सरकारी खात्यात नाहीतर शाळेत नोकरीची आशा. कोकणातल्या गरीब घरासाठी ती मोठीच गोष्ट होती. १८७५ साली कर्वे या परीक्षेला निघाले. आधी विचार होता समुद्रमार्गे मुंबई गाठायचा, पण हवा बिघडली आणि तो रस्ता बंद झाला. दुसरं केंद्र सातारा. अंतर सुमारे ११० मैल, मध्ये सह्याद्री, वर पाऊस, आणि हातात जेमतेम चार दिवस. बरोबर गावची दोन-चार मुलं. ही पोरं कुंभार्ली घाट चढून, भिजत, पाय सुजवून साताऱ्याला पोचली.

ओसरीवरच्या मुलांना मी हेच गणित घालते. ११० मैल, चार दिवस, रोज किती मैल? भागाकार बहुतेकांना येतो. साडेसत्तावीस मैल. मग मी म्हणते, मैलाचे किलोमीटर करा. मैल म्हणजे अंदाजे १.६ किलोमीटर धरला तर १७६ किलोमीटर, रोजचे ४४. आकडा फळ्यावर आला की मुलं जरा गप्प होतात. मग कोणीतरी विचारतंच, पुढं काय झालं ताई?

पुढे वाईट झालं. परीक्षा समितीपुढे उमेदवार उभे राहिले. परीक्षेला बसायला वयाची सतरा वर्षं पूर्ण हवी होती. कर्व्यांची ती झाली होती, तसा दाखलाही जवळ होता. पण समितीच्या प्रमुखाने या बुटक्या, हडकुळ्या मुलाकडे पाहिलं आणि हा सतराचा असणंच शक्य नाही असं ठरवून टाकलं. दाखला मानला नाही. मुलाला परीक्षेला बसू दिलं नाही. भाषेचा पेपर नाही, गणिताचा नाही, एकही प्रश्न न सोडवता तो नापासांसारखा घाट उतरून परत गेला.

इथे मुलांना राग येतो, आणि यायलाच हवा. त्याला काही येत नव्हतं असं नाही. तो उशिरा पोचला असंही नाही. तयारी होती, मेहनत होती, कागदही होता. फक्त दार दुसऱ्याच्या हातात होतं. प्रवेशपरीक्षा म्हटली की आपण सगळे अभ्यासाबद्दल बोलतो. पण पेपर हातात पडण्याआधीही एक परीक्षा असते. वयाचा दाखला, जातीचा दाखला, रहिवासी दाखला, नावातलं एखादं अक्षर. सीमेवरच्या गावात तर मुलाचं नाव एका कागदावर कन्नड वळणाचं आणि दुसऱ्यावर मराठी वळणाचं असतं. नवोदयलाही वयाची अट काटेकोर आहे. म्हणून अर्ज भरण्याच्या आधी सगळ्या कागदांवरची जन्मतारीख आणि नाव एकसारखं आहे का हे पाहणं, हाही अभ्यासाचाच पहिला धडा समजायचा.

कर्व्यांनी पुढे काय केलं? तेच पुन्हा. पुढच्या वर्षी कोल्हापूरला जाऊन परीक्षा दिली आणि पास झाले. इथे थांबले असते तरी कोणी नाव ठेवलं नसतं. गावात नोकरी मिळाली असती, लग्न तर लहानपणीच झालं होतं. पण त्यांना इंग्रजी शिकायचं होतं. रत्नागिरीच्या हायस्कुलात गेले, तिथे तब्येतीने साथ दिली नाही. शेवटी मुंबई. रॉबर्ट मनी स्कूल ही चर्च मिशनरी सोसायटीची शाळा, तिथून १८८१ साली ते मॅट्रिक झाले. वय तेवीस. आज तेविसाव्या वर्षी आपण एम. ए. करून नोकरी शोधत असतो.

मॅट्रिक म्हणजे तेव्हा नुसती शाळेची शेवटची परीक्षा नव्हती. ती मुंबई विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा होती. १८५९ साली ती पहिल्यांदा झाली तेव्हा १३२ जण बसले आणि २२ पास झाले. इंग्रजी, आणखी एक भाषा, गणित, आणि इतिहास-भूगोलासारखे सामान्य ज्ञानाचे विषय असं तिचं स्वरूप होतं. एका विषयात तुम्ही कितीही हुशार असा, दुसरा सोडून चालणार नाही. रामानुजनचं उदाहरण आपल्याला माहीत आहे. गणितात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं, पण कुंभकोणमच्या कॉलेजात इतर विषयांत तो मागे पडला आणि शिष्यवृत्ती हातची गेली. पुढे त्याला केंब्रिजने ओळखलं, ते जगाचं नशीब. पण प्रत्येक गावच्या रामानुजनला केंब्रिजचं पत्र येत नाही. म्हणून आपल्यासारख्यांनी दोन्ही पाय भक्कम ठेवायचे.

आणि खरं पाहिलं तर हे दोन पाय वाटतात तेवढे वेगळे नाहीत. मुलांना मी घालते ते एक उदाहरण सांगते. एका शेतकऱ्याकडे ६० पोती तूर होती. एक तृतीयांश पोती त्याने विकली आणि उरलेल्यांपैकी निम्मी भावाला दिली. त्याच्याकडे किती राहिली? उत्तर २०. विकली २०, उरली ४०, त्यातली निम्मी म्हणजे २० भावाला, २० घरात. पण पाच-सहा मुलं तरी १० लिहितात. वीस विकली, साठची निम्मी म्हणजे तीस भावाला, राहिली दहा. यांची बेरीज बरोबर, वजाबाकी बरोबर. चुकला तो उरलेल्यांपैकी हा एक शब्द. म्हणजे गणिताचा मार्क भाषेत गेला. तसेच शब्द पुष्कळ आहेत. प्रत्येकी, अनुक्रमे, वगळता, कमीत कमी, पाऊणपट. पाऊण म्हणजे किती हे ज्याला अडतं, त्याला मी कन्नडातलं मुक्कालु आठवून देते, की चेहरा लगेच उजळतो. त्याला तीन चतुर्थांश येत होतंच, फक्त ते दुसऱ्या भाषेच्या खोलीत ठेवलेलं होतं.

म्हणून आम्ही चुकांची एक वही करतो. तीन रकाने. शब्द कळला नाही, रीत चुकली, घाई झाली. प्रत्येक चुकलेलं उदाहरण यातल्या एका रकान्यात टाकायचं. पंधरा दिवसांनी कुठला रकाना जास्त भरला ते पाहायचं. बहुतेकांचा पहिलाच भरलेला असतो, आणि आईबापांना वाटत असतं पोरगं गणितात कच्चं आहे. नवोदयला ८० प्रश्न आणि दोन तास असतात. ४० बुद्धिमत्तेचे, २० अंकगणिताचे, २० भाषेचे. म्हणजे एका प्रश्नाला दीड मिनिट. घाईचा रकाना रिकामा ठेवायचा तर घड्याळ लावून सराव हवा. आणि रोज दहा मिनिटं वर्तमानपत्र मोठ्याने वाचायचं, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला ऐकू जाईल असं. हे कर्व्यांकडून घेतलेलं.

पुन्हा कर्व्यांकडे येते. १८८४ साली गणित घेऊन एल्फिन्स्टन कॉलेजातून ते बी. ए. झाले. मग मुंबईत शिकवण्या आणि शाळा यांत पहाटेपासून दिवस जायचा. एल्फिन्स्टन हायस्कूल, मराठा हायस्कूल, कॅथीड्रल गर्ल्स हायस्कूल, माझगावची सेंट पीटर्सची मुलींची शाळा. यातल्या दोन ख्रिस्ती मुलींच्या शाळा आहेत हे वाचून मी जरा थांबले. ज्या काळात मुलींनी गणित शिकून करायचं काय असं विचारलं जायचं, त्या काळात हा माणूस मुलींच्या वर्गात उभा राहून गणित शिकवत होता. पुढच्या सगळ्या कामाची एक ओळख तिथे झाली असेल असं मला वाटतं.

स्वतः शिकले तसे त्यांनी गावाकडची मुलंही घरी ठेवून शिकवली. त्यांतले एक मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे. हेच पुढे १८९९ साली केंब्रिजला सीनियर रँग्लर झाले, गणितात तो मान मिळवणारे पहिले भारतीय. रँग्लर परांजप्यांची हुशारी त्यांची स्वतःची, पण गावातून मुंबईच्या शाळेपर्यंतचा रस्ता कोणीतरी दाखवावा लागतो. मुरुडच्या शाळेसाठी कर्व्यांनी मुरुड फंडही उभारला. आपल्या मिळकतीतला थोडा भाग गावासाठी काढायचा अशी कल्पना. साताऱ्याच्या दारातून एकटा परतलेला मुलगा आता दुसऱ्यांना दारापर्यंत पोचवू लागला होता.

१८९१ हे वर्ष दोन्ही अर्थांनी वळणाचं. पत्नी राधाबाई वारल्या, आणि गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या बोलावण्यावरून कर्वे पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायला गेले. लोकमान्य टिळकांनी सोडलेला हा विषय. पुढे १९१४ पर्यंत ते तिथे शिकवत होते. दुसरं लग्न करायचं तर विधवेशीच, हे त्यांनी ठरवलं होतं. १८९३ साली त्यांनी गोदूबाईंशी लग्न केलं. गोदूबाई म्हणजे मित्राची बहीण, लहानपणी विधवा झालेली, आणि पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी. लग्नानंतर त्या आनंदीबाई झाल्या. ज्या मुरुडसाठी फंड उभारला, त्याच मुरुडने त्यांच्यावर बहिष्कार घातला. दुसरं दार बंद. आणि यावेळी आतली माणसं परकी नव्हती, घरचीच होती.

१८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रमाची मंडळी उभी केली. १९०० साली आश्रम पुण्याबाहेर हिंगण्याला हलला, एका झोपडीत. दिवसभर कॉलेजात गणित, मग पायी हिंगणे, जाताना आश्रमाला लागणारं सामान बरोबर. पायी चालायची सवय साताऱ्यापासूनचीच. तिथे आलेल्या मुलींना लिहा-वाचायला शिकवणं हे त्या झोपडीतलं मोठं काम. आनंदीबाईंची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले याही विधवा. प्रौढपणी अक्षरओळख, मग आश्रमाचं काम, निधी गोळा करणं, आणि पुढे इंग्रजी यावं म्हणून थेट अमेरिकेला जाऊन घरकाम करत राहणं. इंग्रजीला घाबरणाऱ्या माझ्या वर्गमैत्रिणींना मी पार्वतीबाईंची गोष्ट सांगत असते.

१९१६ साली कर्व्यांनी महिला विद्यापीठ काढलं. पहिल्या कॉलेजवर्गात मुली हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. पण ठरवलं ते धाडसाचं होतं. शिक्षण मातृभाषेतून, आणि इंग्रजी हा आवश्यक विषय. म्हणजे इंग्रजी शिकायची, पण विचार करायला आपलीच भाषा. ज्याने स्वतः इंग्रजीसाठी गाव, तब्येत आणि तरुणपणाची वर्षं खर्ची घातली, त्यानेच मुलींसाठी हा अडथळा कमी केला. १९२० साली विठ्ठलदास ठाकरसींनी पंधरा लाखांची देणगी दिली आणि त्यांच्या आईच्या नावाने विद्यापीठ एस. एन. डी. टी. म्हणून ओळखलं जाऊ लागलं.

हा मातृभाषेचा मुद्दा ठाणाकुशनूरला बसून वाचला की वेगळा लागतो. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यं नव्याने आखली गेली. जुन्या बीदर जिल्ह्यातलं उदगीर मुंबई राज्यात गेलं, आणि बीदर म्हैसूर राज्यात. माणसं होती तिथेच राहिली, भाषा होती तीच राहिली, पण मुलांच्या परीक्षेची भाषा रेघेच्या कुठल्या बाजूला घर आहे यावर ठरू लागली. मी यावर वाद घालत नाहीये. कन्नड आपली शेजारीण आहे, आणि ती यायलाच हवी. पण घरात एक, शाळेत दुसरी, प्रश्नपत्रिकेत तिसरी भाषा भेटणाऱ्या मुलाला मंद म्हणण्याआधी आपण त्याच्या वहीचा पहिला रकाना तरी पाहायला हवा.

कर्वे थकले नाहीत. १९२९ साली सत्तरी ओलांडल्यावर ते परदेशात गेले, डेन्मार्कच्या एल्सिनोरच्या शिक्षण परिषदेत आपल्या प्रयोगाबद्दल बोलले, बर्लिनला आइन्स्टाइनला भेटले. १९३६ साली, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढलं. शाळाच नाही अशा खेड्यांत शाळा काढण्यासाठी. विद्यापीठ काढून झाल्यावर माणूस परत पहिलीच्या वर्गाकडे वळला. मला त्यांच्या आयुष्यातलं हे सगळ्यात सुंदर पाऊल वाटतं. वरचं दार कितीही मोठं केलं, तरी खालची पायरीच नसेल तर वर येणार कोण?

१९५८ साली त्यांना भारतरत्न मिळालं, तेव्हा त्यांचं वय शंभर होतं. ९ नोव्हेंबर १९६२ ला पुण्यात ते वारले, एकशे चार वर्षांचे होऊन. ज्याला सतराचा दिसत नाही म्हणून परत पाठवलं, तो एवढं जगला.

आम्हा कॅथलिक मुलांना चर्चमध्ये लहानपणापासून सांगतात की मिळालेलं पुरून ठेवायचं नसतं. आपल्या मंडळात गणित घेतलेले आहेत, भाषा घेतलेले तर सगळेच आहेत. येत्या मे महिन्यात प्रत्येकाने आपल्या गावातली, आजोळची, वस्तीतली चार मुलं घ्यावीत. रोज एक तास. एक वर्तमानपत्र, एक चुकांची वही, आणि अर्जाच्या आधी कागद तपासायला एक संध्याकाळ. यासाठी संस्था लागत नाही, फी लागत नाही. दार उघडणं आपल्या हातात नसेल कदाचित, पण चार मुलांना तिथपर्यंत तयार करून नेणं तर आहे. नावं नोंदवायची असतील तर मंडळाच्या पुढच्या बैठकीत मी वही घेऊन येणारच आहे.